दीड मगाचा नियम

संडासाची टाकी कुणाचीही तुंबते. त्यात माणसाच्या चारित्र्याचा काही संबंध नसतो. पण ज्या माणसानं पाणीपुरवठा खात्यात गळती-निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, त्याच्याच मालकीची टाकी तुंबावी, आणि तीही इमारतीच्या फाटकाशेजारी, आठ गॅलऱ्यांच्या बरोबर खाली, म्हणजे मग तो वास नाकापेक्षा अब्रूला जास्त झोंबतो. थेंबरावांना तो सोमवारी सकाळपासून झोंबत होता आणि रविवारी तर निघायचं होतं.

'थेंबराव' हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते इमारतीनं ठेवलं होतं, आणि विचार करून ठेवलं होतं. गळका नळ त्यांना सहन होत नसे. एकदा एका घरी सांत्वनाला गेले असताना "फार सोसलं हो त्यांनी" एवढं बोलून ते मध्येच उठले, आत जाऊन मोरीतला नळ घट्ट केला आणि परत येऊन "शेवटी सुटले म्हणायचं" असं उरलेलं सांत्वन पुरं केलं. स्वतःच्या घरात तर काय, राज्यच त्यांचं. अंघोळीला अर्धी बादली. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, आणि कुंड्यांखालच्या ताटलीत झिरपलेलं पाणी पुन्हा कुंड्यांनाच. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे राज्य एकेचाळीस वर्षं सांभाळलं होतं.

असल्या माणसानं उठून कॅम्पर का विकत घ्यावा, यावर इमारतीत बरीच चर्चा झाली. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. पुढे स्टिअरिंग, मागे झोपायला दोन बाक, एक शेगडी आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास, त्याच्याखाली मैल्याची टाकी. सोसायटीच्या चिटणीसांच्या मते हा म्हातारचळ होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "दडपलेल्या इच्छा वर येतात कधीकधी." प्राध्यापक रसायनशास्त्राचे होते, पण मानसशास्त्रातही हात मारत.

खरं कारण साधं होतं आणि थेंबरावांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींना दर तासाला 'जावं' लागे. यात लाजण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरांना बसमधून आठ तासांचा प्रवास करायचा नसतो. वहिनींची थोरली बहीण तेवढ्या अंतरावर राहायची. तिला आता खुर्चीतून उठवत नव्हतं, आणि अकरा वर्षांत बहिणी एकमेकींना भेटल्या नव्हत्या. दर शनिवारी फोन यायचा. पलीकडून "कधी येतेस गं?" आणि अलीकडून "बघू." थेंबराव वर्तमानपत्रामागून ते 'बघू' ऐकायचे. पाचएकशे वेळा ऐकल्यावर एक दिवस ते गप्प बाहेर पडले आणि जुना कॅम्पर घेऊन आले. नवरा म्हणून त्यांच्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती करताना त्यांना वहिनींना काही बोलून दाखवता आलं नाही.

आता गाडी घेतली की माणूस निघतो. पण थेंबराव खात्यातले. खात्यात नवी पाइपलाइन टाकली की आधी पंधरा दिवस चाचणी होई. तेव्हा कॅम्परचीही चाचणी ठरली. पंधरा दिवस दोघांनीही घरचा संडास वापरायचा नाही, खाली येऊन कॅम्परमधला वापरायचा. आत एक वही टांगली गेली. तारीख, वेळ, वापरकर्ता, प्रकार, मग, शेरा असे तांबड्या शाईनं आखलेले रकाने. दाराच्या आतल्या बाजूला सुवाच्य अक्षरात नियम लागला: 'लहान कामास अर्धा मग. मोठ्या कामास दीड मग. जास्त पाणी वापरू नये. हुकमावरून.'

वहिनी बिचाऱ्या पायऱ्या उतरून जायच्या, आणि गॅलऱ्यांतून अख्खी इमारत त्यांना जाताना आणि येताना बघायची. वहीतला शेऱ्याचा रकाना त्या इमानेइतबारे भरत. 'दार नीट लागत नाही.' 'पाल होती.' 'चिटणीस वरून बघत होते.' तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'अजून थोडं पाणी टाकावं का?' त्याखाली थेंबरावांनी तांबड्या शाईत उत्तर दिलं, 'आवश्यकता नाही.' आणि सही केली.

आठव्या दिवशी वास सुरू झाला.

प्रथम तो कॅम्परच्या आत होता, तेव्हा थेंबरावांनी त्याला 'किंचित' असं नाव दिलं. मग तो फाटकापर्यंत आला. नवव्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, कॅम्परच्या भिंतीवरच्या पट्टीवर 'टाकी भरली' असा लाल दिवा लागला. थेंबरावांनी जाड नळी ड्रेनेजच्या चेंबरला जोडली, बाही सरसावली आणि झडपेचा दांडा ओढला. चहाच्या कपाएवढं पाणी आलं. मग एक हुंकार आला. मग काही नाही. दिवा लालच राहिला. चौतीस वर्षं भरलेल्या टाक्या न सांगता रिकाम्या होताना पाहिलेल्या थेंबरावांपुढे आता भरलेली टाकी सांगूनही रिकामी होत नव्हती.

वरून प्राध्यापक खाली आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण वासाला ते बोलावणंच समजले. "साधं रसायन आहे," ते म्हणाले. "किलोभर खायचा सोडा ओता आणि वरून व्हिनेगर. जे वायू तयार होतील ते अडथळा रेटून बाहेर काढतील." सिद्धांत बरोबर होता. वायू तयार झाले, त्यांनी रेटलंही. मात्र खालची वाट बंद असल्यामुळे त्यांनी वरची धरली. कमोडच्या भांड्यातून फेस उसळून आला, भांड्याच्या काठावर क्षणभर थबकला आणि मग थेंबरावांच्या चपलांकडे निघाला. प्राध्यापक तोवर दारात नव्हते. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "व्हिनेगर जरा जास्त झालं असावं!"

कॅम्पर धुऊन होतो न होतो तोच चिटणीस आले. चिटणीसांचा स्वर कायम इतिवृत्त वाचत असल्यासारखा. "गाडीच्या छतावरच्या नळीतून वास येतो आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला आहे. सभासदांची तक्रार आहे. ती नळी बंद करण्यात यावी." थेंबरावांना ते पटलं. जिथून गळती, तिथे बूच, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. शिडी लावून ते छतावर चढले आणि हाताशी दुसरं काही नसल्यामुळे आपला एक जुना बनियन त्या नळीत ठासून बसवला. तिसऱ्या मजल्याचा वास थांबला, हे कबूल केलं पाहिजे. तो सगळा कॅम्परमध्ये आला. वहिनी संध्याकाळी आत गेल्या त्या नाकाला पदर लावून, आणि तशाच पावली माघारी फिरल्या. जाताना त्यांनी दार हलकेच लोटून घेतलं, आणि थेंबरावांना तेच जास्त लागलं.

बुधवारी चिटणीसांच्या साडूचं नाव पुढे आलं. साडूनं सांगितलेल्या गोष्टीला आपल्याकडे पुरावा मागायची पद्धत नाही. साडूचं म्हणणं असं की टाकीत बर्फ टाकायचा आणि गाडी खाचखळग्यांतून फिरवायची. बर्फाचे खडे आतून खरवडून काढतात, आणि वितळले की आपोआप पाणी. थेंबरावांना यातलं 'आपोआप पाणी' आवडलं नाही, पण उपाय वैज्ञानिक वाटला. त्यांनी कारखान्यातून दोन पिशव्या बर्फ आणला आणि तो खडा-खडा कमोडमधून आत सोडला. मग शहरात जेवढे म्हणून गतिरोधक होते तेवढ्यांवरून ते कॅम्पर घेऊन गेले. मागून काहीतरी जड वस्तू डाव्या-उजव्या अंगावर कुशी बदलते आहे असा आवाज येत राहिला. मागची वाहनं आधी अंतर ठेवून चालली आणि मग वळण घेऊन दिसेनाशी झाली. चौकात वाहतूक पोलिसानं हात केला, मागचं दार उघडायला लावलं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं. मग तो दोन पावलं मागे सरकला.

"आत काय आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

"चाचणी चालू आहे," थेंबराव म्हणाले.

"जा," पोलीस म्हणाला. "लवकर जा."

घरी येऊन झडप ओढली तेव्हा थंडगार असा अर्धा कप आला. बर्फही आत, बाकीचंही आत. थेंबराव वर आले, हातपाय धुतले (एक मग) आणि वर्तमानपत्रामागे बसले. तेवढ्यात फोन वाजला. शनिवार नसताना आला होता, कारण पलीकडच्या बहिणीला आता रविवारपर्यंत धीर धरवत नव्हता.

"ताई, गाडीचं जरा काहीतरी झालंय," वहिनी सांगत होत्या. "नाही नाही, मोठं काही नाही. ह्यांचं चाललंय काहीतरी. येईन गं. म्हणजे... बघू."

वर्तमानपत्र खाली आलं नाही. पण थेंबरावांनी त्या दिवशी आतलं एकही अक्षर वाचलं नाही. बर्फ, साडू, सोडा सगळं त्यांनी पचवलं असतं, पण हे 'बघू' त्यांच्याच्यानं पचेना.

गुरुवारी सकाळी ते आपल्या जुन्या कार्यालयात गेले. मैला उपसणारी यंत्राची गाडी तिथूनच मिळायची, आणि तिथे जायचं त्यांनी तीन दिवस टाळलं होतं. जिथं आपण 'साहेब' होतो तिथं अशा कामाचा अर्ज घेऊन जाणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. त्यांच्याच जुन्या टेबलाशी त्यांच्या हाताखाली वाढलेला कारकून बसला होता. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, चहा मागवला आणि अर्ज वाचला.

"साहेब, मालमत्तेचा प्रकार लिहायचा राहिलाय. घर की दुकान?"

"गाडी आहे."

"गाडी असा रकाना नाही, साहेब."

"मग घर लिही."

"घराला घर क्रमांक लागतो. याला चाकं आहेत."

अर्धा तास त्या चाकांवर खल झाला. शेवटी 'घर (फिरते)' असं लिहून दोघांनी ते मान्य केलं. मग कारकुनानं खाकरून घसा साफ केला. "आणि साहेब, सोबत मागच्या आठ दिवसांचा पाणीवापराचा तपशील जोडावा लागतो. त्याशिवाय गाडी पाठवायची नाही, असं परिपत्रक आहे."

"कुठल्या मूर्खानं काढलं हे?" थेंबराव कडाडले.

कारकुनानं फाइल उघडून अदबीनं पुढे केली. खाली थेंबरावांची सही होती. चांगली ठसठशीत, रेघ ओढलेली.

मात्र इथे त्यांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं समाधान दिसलं. तपशील? तपशील तर होता! ते तडक घरी गेले आणि कॅम्परमधली वही घेऊन आले. कारकुनानं पानं चाळली आणि तो खरोखरच भारावला. "साहेब, इतका तपशील आजवर कुणी दिलेला नाही." वहीच्या प्रती निघाल्या. त्या तीन टेबलांवरून गेल्या, तीन शिक्के बसले, आणि पाल, चिटणीस, दार नीट न लागणं आणि उभयतांच्या वेळा हे सगळं शासनदरबारी नोंदलं गेलं. घरी येईपर्यंत थेंबरावांच्या लक्षात आलं नव्हतं की यातली निम्मी नोंद त्यांच्या बायकोची आहे. लक्षात आलं तेव्हा ते जिन्यातच थोडा वेळ उभे राहिले.

शनिवारी दहाच्या सुमाराला उपसा-गाडी आली. तिच्यातून गमबूट घातलेली, पन्नाशीची, दणकट बाई उतरली. तिनं कॅम्परभोवती एक फेरी मारली, टाकीवर पान्यानं टकटक केलं आणि कान लावला. मग बॅटरी घेऊन कमोडमध्ये पाहिलं. गॅलऱ्या भरल्या होत्या. प्राध्यापक 'केवळ निरीक्षक म्हणून' खाली आले होते.

"काका, या भांड्यात तळाला पाणी का नाही?" तिनं विचारलं.

"रोज पुसून कोरडं करतो मी," थेंबराव म्हणाले. त्यांचा आवाज अजून साहेबाचा होता. "साठलेलं पाणी वाया जातं."

"अहो, ते पाणी म्हणजे झाकण असतं! खालचा वास वर येऊ नये म्हणून." ती शिडी लावून छतावर गेली. थोड्या वेळानं तिथून बनियन वर उंचावला गेला, आठही गॅलऱ्यांना दिसेल असा. "हा कुणाचा?"

सगळ्या नजरा थेंबरावांकडे वळल्या. बनियनला मानेपाशी वहिनींनी घातलेलं निळ्या दोऱ्याचं ठिगळ होतं, आणि ते ठिगळ इमारत रोज दोरीवर बघत आली होती.

बाई खाली आली आणि तिनं खिशातून शिक्के मारलेले कागद काढले. ती बराच वेळ वाचत राहिली. "तो मग दाखवा जरा," ती म्हणाली. थेंबरावांनी मग आणून दिला. तिनं तो तळहातावर ठेवला. तो तिच्या तळहातात जवळजवळ मावला.

"दीड?"

"दीड."

"मोठ्या कामाला?"

"पुरेसा आहे," थेंबराव म्हणाले, पण आता जरा हळू.

"काका, पाणीच नसेल तर ते जाणार कसं? पायांनी चालत जाणार का? खाली ढीग झालाय नुसता. बर्फाचं पाणी धरूनसुद्धा टाकी अर्धी भरलेली नाही, पण दिव्याला तो ढीगच लागतोय." तिनं पुन्हा कागदात पाहिलं. "आणि हे काय? 'अजून थोडं पाणी टाकावं का?' तिसऱ्याच दिवशी विचारलंय की कुणीतरी! खाली कुणी लिहिलंय, 'आवश्यकता नाही'?"

प्राध्यापकांनी आकाशाकडे पाहिलं. वरच्या गॅलऱ्यांत कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, आणि त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

"माझी सही आहे," थेंबराव म्हणाले.

"असू दे," बाई म्हणाली. "उपसायची गरज नाही. उपसून ढीग नाही निघत. पाणी लावा. टाकी काठोकाठ भरा, तासभर मुरू द्या, सोडा. परत भरा. तीनदा. पाइप धरा तुम्ही."

"मी?"

"तुमचंच घर ना?"

पाइप थेंबरावांच्या हातात आला. नळ पूर्ण उघडला गेला. त्यांच्या आयुष्यात कुठलाही नळ असा पूर्ण उघडा राहिला नव्हता. पाणी कमोडमध्ये कोसळत होतं आणि ते पाइप धरून उभे होते. कपाळावर घाम, ओठ हलत होते. दहा लिटर, वीस लिटर, चाळीस. ऐंशीला त्यांनी डोळे मिटले. पहिली टाकी सोडली तेव्हा नळी थरथरली आणि गढूळ काहीतरी येऊन थांबलं. दुसरीला आतून एक गंभीर आवाज झाला, जसा मोठी बैठक संपून सगळ्यांनी एकदम खुर्च्या सरकवाव्यात. तिसरीला सगळं आलं. नळी फुगली, धावली, चेंबर गरजलं, आणि मग नळीतून स्वच्छ, नितळ पाणी आलं. भिंतीवरचा लाल दिवा विझला. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. टाळ्या कुणासाठी होत्या हे विचारायच्या मनःस्थितीत थेंबराव नव्हते.

बाईनं कागदावर सही घेतली, तो लहानसा मग परत दिला आणि जाता जाता वहिनींना म्हणाली, "काकू, बादलीनं टाका. मोजू नका."

गाडी गेली, प्राध्यापक गेले, गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. थेंबराव कॅम्परच्या पायरीवर बसले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. वहिनी येऊन शेजारी बसल्या.

"मला सांगायचं होतंस ना जरा जोर लावून," ते म्हणाले. "एकदा लिहून गप्प बसलीस."

वहिनींनी त्यांच्या भिजलेल्या पँटची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं अर्ध्या बादलीत अंघोळ केली मी. थंडीत अंगावरचा साबणसुद्धा नीट जायचा नाही. पण मी काही तुंबले नाही हो. टाकीचं बरं आहे. आठ दिवसांत तुम्हाला ऐकावं लागलं."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हणाल्या असत्या तर थेंबरावांकडे उत्तर होतं. धरणांच्या पातळीचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण त्यातला एकही आकडा त्या क्षणी आठवेना. आठवला तो फक्त तो लहानसा मग, आणि तो रोज बारा वेळा भरून मोजून ओतणारा तिचा हात. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, आत गेले आणि दाराच्या आतला नियम नखानं खरवडून काढला. डिंक चांगला होता. निघता निघेना.

त्या संध्याकाळी शनिवारचा फोन आला. "येतेय गं ताई," वहिनी म्हणाल्या, आणि पलीकडून लगेच आलं, "किती वाजेपर्यंत?"

रविवारी सकाळी चाकं हलली. पाण्याची टाकी काठोकाठ, वर दोन जादा कॅन. आठही गॅलऱ्यांतून हात हलले. चिटणीसांनी 'वास नसल्याची नोंद घेण्यात आली' असं जाहीर केलं. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना शेतं आली, आणि बरोबर पन्नास मिनिटांनी वहिनी म्हणाल्या, "अहो."

एवढं एका शब्दाचं वाक्य त्यांना बसमध्ये कधी उच्चारता आलं नव्हतं. थेंबरावांनी गाडी एका मोठ्या झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. वहिनी मागे गेल्या. कपाटाएवढं दार लागलं.

मग पाणी सुरू झालं.

अर्धा मग. एक. दीड. थेंबरावांची पाठ ताठ झाली. दोन. तीन. घरात एवढा वेळ पाणी वाहिलं असतं तर ते दोनदा उठून दोनदा बसले असते. चार. त्यांचा उजवा पाय उठायला म्हणून आपोआप बाजूला सरकला. त्यांनी तो उचलून परत जागेवर ठेवला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाणी वाहतच होतं. आत वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणता येतं हेच थेंबराव विसरले होते. पाच, सहा, सात, आणि पुढचा आकडा कोणता ते त्यांनी पाहिलंच नाही. समोरच्या काचेतून ते शेतांकडे बघत राहिले.

दार उघडलं. वहिनी हात पुसत पुढे आल्या, आपल्या जागी बसल्या आणि सवयीनं मांडीवर वही घेतली. तारीख लिहिली. वेळ लिहिली. पेन्सिल रकान्यावर थांबली.

"मग किती लिहू?"

थेंबरावांनी किल्ली फिरवली.

"मोजले नाहीत, असं लिही," ते म्हणाले.